विहिणीला नावं ठेवायचा धंदा

माझा धंदा लोकांना नावं ठेवायचा. हे काम बरेचजण हौसेनं आणि फुकट करतात. मी सुपारी घेऊन, ढोलकीच्या साथीनं करते. लग्नात विहिणीची पंगत बसली, म्हणजे नवरदेवाची आई आणि तिच्याबरोबरच्या बायका मानानं जेवायला बसल्या, की समोर उभं राहून त्या विहिणीच्या खोड्या गाण्यातून काढायच्या, एवढंच काम. गाणं संपेपर्यंत विहीण पानाला हात लावत नाही आणि तिनं हात लावल्याशिवाय पंगत जेवत नाही. म्हणजे एवढ्या माणसांची भूक माझ्या गळ्यावर अवलंबून असते. हा अधिकार पुढाऱ्यांनाही नाही. त्यांचं भाषण चालू असताना लोक खुशाल जेवून घेतात.

या अंकाच्या संपादकांनी माझा 'जीवनप्रवास' मागितला होता. हा शब्द मी आजवर फक्त सत्कारात ऐकला आहे आणि त्यानंतर हमखास नारळ मिळतो. प्रवास म्हणाल तर डिंगोऱ्याहून निघायचं, जुन्नर किंवा आंबेगाव तालुक्यातल्या कुठल्यातरी मांडवात गायचं आणि घरी यायचं. जयंतीला भीमगीतं गाते, जत्रेत लोकगीतं गाते, एकदा पेट्रोल पंपाच्या उद्घाटनालाही गायले आहे. पण मला बोलावतात ते मुख्यतः विहिणीसाठी. हे शिकले आजीकडून. आमचं घर आजोबांच्या काळात बौद्ध झालं. त्यांनी देव सोडले, नवस सोडले, मुहूर्त सोडले. विहिणीला चिडवणं मात्र आजीनं सोडू दिलं नाही. "त्यात देवाचा काय संबंध?" असं ती विचारायची.

पूर्वी ही गाणी घरोघरच्या बायकाच म्हणत. आता तरुण बायकांना ती येत नाहीत आणि ज्यांना येतात त्यांना मांडवात उभं राहवत नाही, म्हणून मला बोलावतात. आजीची गाणी मी जेवढी शिकले, त्याच्या दुपटीनं शिकायची राहिली. तेव्हा वाटायचं, आजी काय, आहेच.

बाहेरच्या माणसाला वाटतं, की आम्ही उभ्या उभ्या सुचेल ते गातो. खरं काम आधी असतं. नवरीच्या घरी फोन करून मी तीन गोष्टी विचारते. विहीणबाई कशाचा तोरा मिरवतात? घरची माणसं त्यांच्या कशाला हसतात? आणि कशाबद्दल अजिबात बोलायचं नाही? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही, तर मी सुपारी घेत नाही. आजीचा दंडक असा, की माणसानं स्वतः जे केलं त्याची थट्टा करावी. जे त्याच्या वाट्याला आलं, त्याची करू नये. रंग, उंची, दुखणं, मूलबाळ यांना हात लावायचा नाही. घोरणं चालतं.

घोरण्यावरून आठवलं. घोडेगावच्या एका लग्नात मी विहिणीच्या घोरण्यावर कडवं म्हटलं. विहीणबाई म्हणाल्या, साफ खोटं आहे. त्याबरोबर त्यांचे यजमान उठले, माझ्या माइकपाशी आले आणि त्यांनी खिशातून मोबाईल काढून घोरण्याचं रेकॉर्डिंग लावलं. संसारात इतक्या वर्षांनी त्यांना माइक मिळाला होता. तो सोडायला ते तयार होईनात.

दुसऱ्या एक विहीणबाई मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी मला आधीच बाजूला घेऊन सांगितलं, "टीका करा, पण विधायक करा." मी विधायक गायले. कुणी हसलं नाही. वरणाची वाफ जायला लागली तेव्हा त्याच हळूच म्हणाल्या, "बाई, थोडं खालच्या पातळीवर या."

अशा विहिणी पुष्कळ झाल्या. पण जिच्यासाठी हा लेख लिहायला बसले, ती विहीण पंगतीत बसणारच नव्हती.

पिंपरी पेंढारच्या एका मुलीचा फोन आला. नाव प्राजक्ता, औषधांच्या दुकानात नोकरीला. नवरीनं स्वतः फोन करायचे दिवस आता आले आहेत आणि ते मला आवडतात. माझ्या प्रश्नांवर ती खुलली. नवरदेव आकाश, घोडेगावच्या अलीकडच्या गावचा. सासू सुमनबाई. टोमॅटोची शेती बघतात, म्हशी बघतात, दुधाची किटली स्कूटीला अडकवून स्वतः डेअरीत जातात.

"स्कूटी लई जोरात चालवत्यात मावशी. थांबायचं आसतं दारात, थांबत्यात दोन घरं पुढं. डेअरीतल्या मशीनलाबी दम देत्यात, फॅट कमी दाखवली तर. आणि टोमॅटोच्या झाडांशी भांडत्यात. आकाश म्हणतो, आमच्या झाडांना शिव्यांचंच खत हाय."

"आणि तोरा कशाचा?"

"मासवडीचा. त्यांच्या मासवडीला नाव ठिवायला जागा न्हाई."

मासवडीत मासा नसतो, हे दूरच्या वाचकांसाठी सांगते. बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण घालून वळकटी करायची, तिच्या वड्या पाडायच्या आणि झणझणीत रश्शाबरोबर खायच्या. वडी सुटली, की करणारीची अब्रू गेली. आमच्या भागात मुली बघताना हल्ली पगार बघतात, पूर्वी मासवडी बघत.

"आता, कशाबद्दल बोलायचं नाही?" मी विचारलं.

"त्यांच्या मालकांबद्दल. आकाश लहान आसतानाच ते गेले." मग म्हणाली, "आन् मावशी, म्हणून त्या पंगतीला बसणार न्हाईत. त्यांच्या जागी चुलत सासूबाई बसणारेत, शेवंताबाई. आण्णा म्हणले, रीत हाय." आण्णा म्हणजे आकाशचे मोठे चुलते, शेवंताबाईंचे यजमान.

"मग मी गाऊ कुणावर?"

"माझ्या सासूवर. मला त्या तिथं बसलेल्या बघायच्यात मावशी. ज्या बाईनं एवढं केलं, तिनं माझ्या लग्नात सामान राखत बसायचं का?"

मी तिला सांगितलं, की गाण्यानं रीत बदलत नसते. बदलली असती, तर आमच्या वस्तीतल्या जयंतीच्या गाण्यांनी सगळा तालुका कधीच सरळ केला असता. आमच्या समाजात विधवेला बाजूला बसवणं पुष्कळ सुटलं आहे. पूर्ण सुटलं आहे असं म्हणायला मी भाषण करत नाहीये.

दुसऱ्या दिवशी प्राजक्ताच्या आईचा फोन आला, की गाणं शेवंताबाईंवरच करा, उगाच वाद नको. ठीक आहे म्हटलं, शेवंताबाईंबद्दल सांगा. "चांगल्या हायेत," त्या म्हणाल्या. आणखी? "लई चांगल्या हायेत." चांगुलपणावर विहिणीचं गाणं होत नाही. मी कागद घेऊन बसले आणि कडवी सुचली ती सगळी सुमनबाईंची.

लग्न नारायणगावच्या बाजूच्या एका मंगल कार्यालयात होतं. दारात स्वागताचा फलक होता आणि त्यावर नवरा-नवरीपेक्षा मोठे फोटो इतरांचे होते. नवरदेव ट्रॅक्टरवरून आला, नवरी धुरातून आली. आशीर्वाद द्यायला तीन पुढारी आले आणि त्यांनी मुख्यतः एकमेकांना आशीर्वाद दिले. डोक्यावर ड्रोन फिरत होता. एकदा तो खांबाला धडकून नवरीच्या शेजारी पडला, तेव्हा आजूबाजूच्यांनी उरलेल्या अक्षता त्याच्यावर टाकल्या. या सगळ्याचं नियोजन करणारा एक कडक इस्त्रीचा तरुण माझ्यापाशी येऊन म्हणाला, "मॅडम, पंगतीला आपल्याला थोडा ट्रॅडिशनल कन्टेंट पाहिजे. शॉर्ट ठेवा." माझा भाऊ सुदाम ढोलकीच्या वाद्या ताणत होता. तो म्हणाला, "आक्का, तू कन्टेंट झालीस बघ. आजी असती तर पेढे वाटले आसते."

गाण्याआधी विहिणीकडच्या खोलीत डोकावायची माझी सवय आहे. खोली जेवणाच्या हॉलला लागूनच होती. आत बॅगा, पिशव्या, चपलांचे जोड, आणि मधे खुर्चीवर सुमनबाई. फिकी मोतिया साडी, मनगटावर घड्याळ. लेकाच्या लग्नात बाई अशा बसल्या होत्या, जशा एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत असाव्यात.

"तुमी गाणाऱ्या ना?" त्यांनी एक डबा पुढं केला. "घ्या, तोंडात टाका. पोरांना वाटंत लागंल म्हणून केल्यात."

मासवडी होती. कड अशी बसलेली, की सुरीनं उघडावी लागली असती. मी दुसरी घेतली.

"तुम्ही नाही का येत बाहेर?"

"मी हितं बरी. सामानापाशी कुणीतरी पायजेल." मग डबा मिटत, "चांगलं गा हां. शेवंताबाईला लई हौस हाय."

"दार उघडं ठेवू?"

"थोडं ठिवा. आयकू यील."

पंगत मांडली. मधल्या पाटाभोवती रांगोळी, त्यावर शेवंताबाई, हिरव्यागार शालूत, दोन्ही हात मांडीवर. फोटो काढणारा सांगेल तिकडे बघत होत्या. पलीकडे पुरुषांच्या रांगेत आण्णा फेटा सावरत बसले होते. नवरा-नवरी समोरच्या पाटांवर. सुदामनं थाप मारली आणि मी सुरू केलं.

नवरदेवाची आई बाई स्कूटीवर स्वार,
ब्रेक दाबती दारात, थांबती वेशीपार!

हसू आलं, पण अर्धवट आलं. वराकडच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवंताबाईंनी मान थोडी तिरकी केली.

नवरदेवाची आई बाई डेअरीत दम देती,
भिऊन बिचारी मशीन फॅट वाढवून देती!

आता आकाशचे मित्र शिट्ट्या मारायला लागले. मी तिसरं घेतलं.

टोमॅटोच्या झाडांशी बाई रोज भांडून येती,
सून येणार म्हणून आता झाडं नवस फेडती!

"थांबा वं बाई!" शेवंताबाईंनी हात वर केला. ढोलकी थांबली. हॉलमध्ये एवढी शांतता झाली, की भटारखान्यातली कढई ऐकू आली. मला वाटलं, संपलं. आण्णांचा चेहरा फेट्याच्या रंगाचा झाला होता.

"मला स्कूटी येती व्हय?" शेवंताबाई म्हणाल्या. "मी आयुष्यात एकदा सायकलीवर बसले, ती उकिरड्यात पडले. डेअरीचं तोंड मला ठावं न्हाई. ह्या खोड्या माझ्या न्हाईत."

"चुकलं असेल," मी म्हटलं.

"चुकलं कसं? माझ्यात काय खोड्या न्हाईत व्हय? मी एवढी नटून बसले, आन् शिव्या दुसरीच्या खाऊ?" त्या उठल्या. पदर खोचला. "ज्याच्या शिव्या त्यानं येऊन घ्याव्यात. मला माझ्या पायजेत."

इतक्या वर्षांत मला रडणाऱ्या, रुसणाऱ्या, अगदी वाटी फेकून मारणाऱ्या विहिणी माहीत होत्या. आपल्या वाट्याच्या शिव्या मागणारी पहिलीच. मी माइकमधून म्हटलं, "मग या खोड्या कुणाच्या?"

सगळ्यांच्या माना खोलीच्या दाराकडे वळल्या. दार होतं तेवढंच उघडं होतं. आतून कुणी आलं नाही.

आण्णा खाकरले. कडक इस्त्रीचा तरुण मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवायला लागला. प्राजक्तानं माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली बघितलं. तिच्या मेंदीच्या बोटांनी शालूचा काठ चुरगळून टाकला होता. पाट मोकळा होता, रांगोळीसकट. आणखी थोडा वेळ गेला असता, तर समजुतीची माणसं पुढं झाली असती, शेवंताबाईंना पुन्हा बसवलं असतं आणि हे सगळं गमतीत जमा झालं असतं. समजुतीच्या माणसांनी आपल्याकडे फार नुकसान केलं आहे.

"आक्का, आता?" सुदाम पुटपुटला.

खरं सांगून ती बाई बाहेर येत नव्हती. मग मी खोटं गायले, आणि दाराकडे तोंड करून गायले.

नवरदेवाच्या आईची बाई मासवडी सुटली,
रश्शामधी पोहून पोहून काठाला लागली!

खोलीत काहीतरी धाडकन पडलं. बहुधा बॅगांची चळत. दार उघडलं आणि सुमनबाई हातात डबा घेऊन तरातरा थेट माझ्यापर्यंत आल्या.

"कुणाची सुटली? कुणाची सुटली मासवडी? आत्ता दोन खाऊन गेलात न्हवं? बगा!" त्यांनी डबा उघडून माझ्या नाकाखाली धरला, मग पंगतीकडे फिरवला. "बगा की! सुटलीय का एक तरी?"

हॉल हसण्यानं दणाणला. सुमनबाईही हसल्या आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की आपण कुठं उभ्या आहोत. पायाखाली रांगोळी होती. त्या मागं सरकल्या.

"सुमन," आण्णा पलीकडून म्हणाले, आवाज मोठा न करता. "सामान कुणापाशी हाय?"

"सामानाला काय पाय फुटत्यात व्हय?" शेवंताबाई म्हणाल्या. "एवढी काळजी आसंल तर तुमी बसा सामानापाशी. तुमाला कोण गाणं म्हणणार हाय हितं?"

पुरुषांची रांगच आधी हसली. आण्णा उठले, फेटा नीट केला आणि मोठ्या इतमामानं खोलीकडे गेले. मला वाटतं, त्यांनाही सुटल्यासारखं झालं असावं. रीत सांभाळणं कष्टाचं काम आहे. ते करणाऱ्याला कुणी बसा म्हणत नाही.

पण सुमनबाई काही बसेनात. "नको," त्या अगदी हळू म्हणाल्या. "मी बसले आन् पोरीला काय बाधलं तर?"

भीती त्यांचीच होती, आण्णांची नव्हे. तिच्यावर माझ्याकडे कडवं नव्हतं.

प्राजक्ता पाटावरून म्हणाली, "आई, मला बाधायचंच आसतं तर मगाशी त्या ड्रोननं बाधलं आसतं. चार बोटांवर पडलाय. तुमी बसा."

आकाश उठला, आईच्या हातातला डबा घेतला आणि तिचा पाट जरा सरळ केला. सुमनबाई बसल्या. कोपऱ्यावर, उठायला सोपं पडेल अशा.

प्राजक्ताची आई हळदीकुंकवाचं तबक घेऊन आली आणि तिथं तिचा हात अडला. बोट कुंकवात बुडालेलं, पुढं जाईना आणि मागंही येईना. सगळे बघत होते. सुमनबाईंनीच वाट काढली.

"कुंकू ऱ्हाऊ द्या विहीणबाई. हळद लावा. ती काय, भाजीतबी आसती."

हळद लागली. कुंकवाचं राहिलं. जे झालं नाही ते झालं असं मी लिहिणार नाही.

शेवंताबाई शेजारच्या पाटावर बसल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या, तेव्हा त्यांचंही देणं उभ्या उभ्या फेडलं.

सायकलीवर शेवंताबाई निघाली बाजारी,
उकिरड्यात उतरून म्हणती, बरीच झाली सवारी!

"हां! ही माझी!" म्हणून त्यांनी मांडीवर थाप मारली.

आता विहिणीनं घास घ्यायचा. वाढप्यांनी गरम पुऱ्या फिरवल्या. सुमनबाईंनी पानाकडे बघितलं आणि हात मांडीवरच ठेवला. आधी वाटलं, घाबरल्या. मग तोंड पाहिलं आणि ओळखलं. बाई रुसल्या होत्या. विहिणीला पंगतीत रुसायचा हक्क असतो. ती मागेल ते देऊन तिला जेवती करायची असते. रुसायला समोर समजूत घालणारं माणूस लागतं, आणि सुमनबाईंना ते कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं. त्या पाटावर सरकून नीट, ऐसपैस बसल्या.

प्राजक्ताची आई लगबगीनं पुढं आली. "काय पायजेल विहीणबाई? काय कमी पडलं का?"

सुमनबाईंनी तिच्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं.

"पहिल्यापासून म्हणा," त्या म्हणाल्या. "खोलीतनं नीट आयकू आलं न्हाई."